वडिलांचं १९ लाखांचं कर्ज, दोन चुकलेले हप्ते आणि उडालेली झोप

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, हातात ३१ हजार पगार. घर तासगाव तालुक्यात, तीन एकर जमीन, त्यात दीड एकर द्राक्षबाग. सलग दोन वर्षं फुलोऱ्यात पाऊस झाला, बाग हातची गेली, त्यानंतर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. कर्ज सगळं मिळून १९ लाख. मुलगा १४ महिने न चुकता १८ हजार घरी पाठवत होता. मग आईचं ऑपरेशन झालं, धाकट्या भावाचं काम सुटलं आणि दोन महिने पैसे जाऊ शकले नाहीत. तेव्हापासून फोन वाजला की छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही, ठरत आलेलं लग्न मोडावंसं वाटतं, मोबाइलवरच्या ॲपवरून कर्ज काढून हप्ते भरावेत असंही मनात येतं. शेवटचं वाक्य असं आहे : "कर्ज फिटेल की नाही ते सोडा, मी टिकेन का ते सांगा."

टिकाल, दादा. पण आत्ता फेडताय त्या रीतीनं टिकणं अवघड आहे, आणि त्यात तुमची हिंमत कुठंही कमी पडलेली नाही. मी २४ वर्षं एका पतसंस्थेच्या वसुली विभागात काम केलं आणि गेली ९ वर्षं कर्जात अडकलेल्या कुटुंबांच्या घरी बसून हिशेब मांडते. आधी दारात उभी राहायचे, आता त्याच दाराच्या आत बसते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. कर्जाच्या आकड्यानं घरं मोडत नाहीत, तेवढी मधल्या ठेचेनं मोडतात. पहिलं वर्ष सगळेच जोरात फेडतात. पोटाला चिमटा घेतात, सणवार बंद करतात, हाताशी एक रुपया न ठेवता सगळं हप्त्यात घालतात. मग घरात आजारपण येतं, हप्ता चुकतो आणि 'एवढं करून काय मिळालं' म्हणत माणूस मटकन खाली बसतो. सहा-सात वर्षांच्या वाटेवर एकही दवाखाना नाही, कुणाचं काम सुटणं नाही, असं कुठल्याच घरात होत नाही. ठेच लागणारच होती. तुमच्या आराखड्यात तिला जागा ठेवलेली नव्हती, एवढंच चुकलं.

आधी तुम्ही दिलेली यादी परत मांडते. विकास सोसायटीचं पीककर्ज २ लाख ८० हजार, थकीत. मांडव आणि ठिबकसाठी घेतलेलं बँकेचं मध्यम मुदतीचं कर्ज, बाकी साडेसहा लाख, त्यावर सहकर्जदार म्हणून तुमची सही. आईच्या दागिन्यांवर सोनेतारण १ लाख ९० हजार. गावातल्या एका खासगी सावकाराचे ४ लाख, महिना ४ टक्के, त्याच्याकडे वडिलांच्या सहीचे दोन कोरे चेक आणि एक कोरा स्टँप. आईच्या नावावर महिला गटातून घेतलेले मायक्रोफायनान्सचे ६० हजार. औषध दुकानाची उधारी १ लाख. मामा आणि इतर पाहुण्यांचे हातउसने २ लाख २० हजार.

आता चौथ्या ओळीवर थांबा. ४ लाखांवर महिना ४ टक्के म्हणजे महिन्याला १६ हजार. तुम्ही पाठवायचात १८ हजार. उरलेले दोन हजार आईच्या गटाच्या हप्त्याला जायचे. म्हणजे १४ महिन्यांत तुम्ही २ लाख ५२ हजार पाठवलेत, त्यातले २ लाख २४ हजार एकट्या सावकाराच्या व्याजात गेले आणि मुद्दल एक रुपयाही हललं नाही. तुम्हाला जो थकवा आलाय तो इथला आहे. माणूस मेहनतीनं तेवढा थकत नाही, पाणी ओतून ओतून रांजण भरत नाही तेव्हा थकतो. तुमच्या रांजणाला बुडाशी भोक आहे, आणि गेले १४ महिने तुम्ही त्याचा दोष स्वतःच्या खांद्याला देत आलात.

याबद्दल कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर शासनानं ठरवलेला दर तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण असेल तर वर्षाला १२ टक्के आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तुमच्या घरातून वडिलांचे सहा महिने आणि तुमचे १४ असे २० महिन्यांचे ३ लाख २० हजार गेले आहेत. १२ टक्क्यांनी २० महिन्यांचं व्याज होतं ८० हजार. वरचे २ लाख ४० हजार मुद्दलात धरले तर देणं राहतं १ लाख ६० हजार. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सावकार तो लगेच मान्य करेल असं मी म्हणत नाही. पण बोलायला बसताना तुमच्या मनात ४ लाख आहेत की १ लाख ६० हजार, यावर तुमचा आवाज कसा निघेल ते ठरतं.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. तरी एकदम तक्रार ठोकून द्या, असं मी गावात राहणाऱ्या माणसाला कधी सांगत नाही. तुम्ही चाकणला असता, आई-वडील तिथं असतात. आधी पुरावा गोळा करा. कोणत्या महिन्यात किती दिले, कुणाच्या हातून दिले, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, सावकाराचे संदेश. यापुढं रोख एक रुपया देऊ नका. द्यायचेच तर खात्यातून द्या. मग ज्याच्या शब्दाला दोन्हीकडे मान आहे असा एखादा वडीलधारा मध्ये घालून हिशेब मांडा. ऐकलं नाही, दमदाटी झाली, जमिनीवर नाव लावायची भाषा झाली, तर मात्र लेखी तक्रार द्यायला एक दिवसही घालवू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून आईच्या नावानं फुकट वकील मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कोरा चेक वटवायला टाकला आणि नोटीस आली तर ती उशीखाली ठेवू नका. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत काय करायचं ते वकिलाला विचारून ठरवायचं असतं.

कोऱ्या कागदाची भीती आपल्याकडे जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे कर्जरोखेच आगीत घातले, आणि १८७९ साली इंग्रज सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आज कागद जाळायची गरज नाही. पण कागदात काय आहे ते माहीत असायला हवं.

आता एक गोष्ट तुम्हाला बोचेल, तरी सांगते. १९ लाखांपैकी कायद्यानं तुम्ही जबाबदार आहात ते फक्त बँकेच्या साडेसहा लाखांना, कारण तिथं तुमची सही आहे. बाकी कर्जं ज्याची त्याची आहेत. बापाचं कर्ज मुलानं फेडायचं हा जुना धर्मशास्त्राचा नियम हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना लागू आहे असं न्यायालय मानत नाही. उद्या वडिलांचं काही बरंवाईट झालं तर त्यांच्याकडून वारशानं येईल तेवढ्यापुरतंच देणं वारसांवर येतं, तुमच्या पगारावर नाही. मी हे तुम्ही हात झटकावेत म्हणून सांगत नाही. तुम्ही झटकणारही नाही. पण तुम्ही फेडताय ते घरासाठी, आपल्या मर्जीनं फेडताय, हे एकदा मनात बसलं की फोनवरच्या माणसाचा आवाज तुमच्यावर तितका चढत नाही.

मग पैसे कुणाला आधी द्यायचे? जवळजवळ प्रत्येक घर जो जास्त ओरडतो त्याला आधी देतं. आम्हा वसुली करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असायचं, म्हणूनच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन वाढायचे. तुम्ही ओरडण्याकडे बघू नका. 'तीन महिने दिलं नाही तर काय जाईल' हा एकच प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा.

सोन्याचं व्याज थकलं तर दागिना लिलावात जातो, आणि तो आईचा आहे. त्याआधी नोटीस येते, पण तिची वाट बघू नका. माझं मत विचाराल तर आईशी बोलून एखादा दागिना विकून उरलेलं सोनं घरी आणणं बरं. भाव चांगला असताना व्याज भरत बसण्यात शहाणपण नाही. मात्र कुठला दागिना विकायचा ते आईच ठरवेल. सोसायटीचं पीककर्ज मार्गी लावण्यात तुमचा सगळ्यात जास्त फायदा आहे, कारण ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फिरवलं तर आपल्या राज्यात शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. थकबाकी एकदा भरून नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं फेडून नवं उचललं, की हे कर्ज डोक्यावर असूनही पोखरत नाही. सोसायटीकडून सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे थकबाकी वसुलीची, नोटीस आली तर घाबरून गाव सोडणारे लोक मी पाहिले आहेत. ती नोटीस म्हणजे उद्या सकाळी जप्ती नव्हे. तिची सुनावणी असते. तिथं जा, खाते उतारा मागा, लावलेलं व्याज तपासा. तुमच्या गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत लागली असेल तर पीककर्जाच्या पुनर्गठनाबद्दल, म्हणजे हप्ते पाडून मुदत वाढवण्याबद्दल, सोसायटीच्या सचिवांना लेखी विचारा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारलेलं कुठंच राहत नाही.

बँकेचा हप्ता चुकणार असेल तर तारखेच्या आधी शाखेत जा. तारखेनंतर गेलेला माणूस थकबाकीदार असतो, आधी गेलेला माणूस अडचणीतला खातेदार असतो. एकाच माणसाशी त्याच टेबलावर वेगळं बोललं जातं, हे मी २४ वर्षं पाहिलं. मुदत वाढवून हप्ता लहान करून मागा. औषध दुकानदार हंगामावर थांबतो, त्याला दर दोन महिन्यांनी थोडं द्या आणि वहीत सही घ्या. पाहुण्यांचं देणं शेवटी ठेवा, पण त्यांना ते तोंडानं सांगा. मामाला चुकवत लग्नाकार्याला न जाणं हे कर्जापेक्षा जास्त खातं.

आणि जमीन. माझ्या अनुभवात याच एका विषयावर घर वर्षभर बोलत नाही आणि मग घाईत निम्म्या भावानं विकतं. तीन एकरांतली बागेबाहेरची थोडी पडीक जमीन विकून सावकार आणि सोनं एकदाचं मोकळं होत असेल, तर त्यात नाक कापलं जात नाही. सवडीनं विका, तुकडेबंदीचा, म्हणजे ठराविक क्षेत्राहून लहान तुकडा न विकण्याचा, नियम तलाठ्याकडून समजून घ्या, बहिणी असतील तर त्यांना आधी विचारा. सगळा विचार करूनही विकायची नाही असं ठरलं तर तेही ठीक. पण ते बसून, बोलून ठरलेलं असू द्या.

आता ठेचेबद्दल, कारण तुम्ही खरं तेच विचारलंय.

२००१ साली माझ्या मिस्टरांनी दिरांच्या यंत्रमागाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. माग बंद पडले, कर्ज आमच्या दारात आलं. साडेतीन लाख. मी लाल पुठ्ठ्याची शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि पुढच्या सहा वर्षांतल्या प्रत्येक महिन्याची ५ तारीख आधीच लिहून टाकली. समोर रक्कम आणि सही यांची जागा. दोन वर्षं रकाने भरत गेले, वही उघडली की बरं वाटायचं. तिसऱ्या वर्षी सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. चार महिने एक पैसा भरता आला नाही. त्या पानावर चार तारखा आणि त्यांच्यापुढं चार कोऱ्या जागा. मी वही गव्हाच्या डब्यामागं सारून दिली. पाचव्या महिन्यात हातात पैसे होते, तरी भरले नाहीत. भरायचे तर वही उघडावी लागली असती. सहाव्या महिन्यातही तेच. पैसा नव्हता म्हणून चार हप्ते चुकले, आणि त्या कोऱ्या जागा बघवत नव्हत्या म्हणून आणखी दोन.

मग नवी वही केली. तीत एकही तारीख आधी लिहिली नाही. पैसे भरले की त्या दिवशी एक ओळ : तारीख, रक्कम, कुणाला, बाकी किती. महिना चुकला तर वहीत काहीच दिसत नाही, पुढची ओळ आधीच्या ओळीखालीच येते. सहाऐवजी आठ वर्षं लागली. फिटलं. तेव्हापासून प्रत्येक घरात हेच सांगते : तारखा आधी लिहू नका.

दुसरं म्हणजे ठेचेचे पैसे वेगळे काढा. १८ हजारांतले ३ हजार दर महिन्याला आईच्या नावानं पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाका. डोक्यावर व्याजाचं कर्ज असताना ठेव कशाला, असं हिशेबी माणूस म्हणेल, आणि कागदावर त्याचं बरोबर आहे. पण वर्षाला ३६ हजार बाजूला असले की पुढच्या दवाखान्याला सावकाराचं दार वाजवावं लागत नाही. तुमचे ४ लाख अशाच एखाद्या रात्री घेतले गेले असतील, वडिलांना विचारून बघा. शिवाय पुढच्या ऑपरेशनच्या आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि रेशन कार्डावर काम होतं. बँक खात्यातून ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा आजच सुरू करा. घरात कमावता हात सध्या तुमचा आहे.

ॲपचं कर्ज घेऊ नका. इथं मी अगदी हात जोडून सांगते. सात दिवसांचं, पंधरा दिवसांचं कर्ज घेऊन हप्ता भरणं म्हणजे रांजणाला दुसरं भोक. त्यातली काही ॲप फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि मग तुमच्या होणाऱ्या सासऱ्यांना फोन जातो. आधीच घेतलं असेल आणि असा त्रास सुरू झाला असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

असे निर्णय रात्री घेऊ नका, हेही याच ओघात. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास आला होता. त्याच शेतकऱ्यांची ऊस जाण्याआधी, हात आखडलेला असताना, आणि नंतर पैसे हातात आल्यावर, अशी दोनदा बुद्धीची चाचणी घेतली. ऊस जाण्याआधीच्या चाचणीत तीच माणसं कमी पडली. पैशाची चिंता डोक्यातली जागा अडवते आणि बाकीच्या विचाराला जागा उरत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून 'मला काही सुचत नाही' असं तुम्ही लिहिलंय त्याची लाज बाळगू नका. सुचण्यासाठी सकाळ निवडा, आणि एकट्यानं ठरवू नका.

फोनचं बघू. बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, मायक्रोफायनान्सवाल्यांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम आहेत. शिवीगाळ, शेजारीपाजारी बोभाटा, नातेवाइकांना फोन हेही चालत नाही. आधी त्या संस्थेलाच लेखी कळवा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते, माहिती १४४४८ वर मिळते. घरात ठरवून घ्या की वसुलीचे फोन एकच माणूस घेईल, तेही दिवसातल्या एका ठरलेल्या तासात. धाकटा भाऊ सध्या घरी आहे ना, त्याला हे काम द्या. कुणी, किती वाजता, काय बोलला हे तो लिहून ठेवेल. नोकरी सुटलेल्या पोराला घरात आपलं काही मोल आहे हे कळणं त्याच्यासाठीही औषध आहे. तुमचा फोन कारखान्यातली पाळी चालू असताना बंद राहू द्या. यंत्रावर लक्ष हवं.

कर्जाचं बोलणं आठवड्यातून एकदाच, रविवारी संध्याकाळी पाच ते सहा. जेवताना नाही, आईला रोजच्या फोनवर नाही. सुरुवातीला हे अवघड जातं, कारण कर्जाशिवाय बोलायला काही उरलेलंच नसतं. मग सांगा की कँटीनला आज काय होतं. विचारा की शेजारची गाय व्याली का.

दोन पाळ्या सलग करून पैसे वाढवायचा विचार तुम्ही लिहिलाय. महिन्यातून दोन-चार जादा पाळ्या ठीक. रोजच्या नकोत. झोप गेली की चूक होते, आणि तुमच्या कामात चूक म्हणजे बोटं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, जगून काय उपयोग असं वाटत राहतं, तर हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. डोकं दुखल्यावर जसे जाता तसेच जा. छातीत धडधडतं म्हणालात, तर एकदा साधी तपासणीही करून घ्या, नुसतं मनावर ढकलू नका.

यापुढचं वडिलांसाठी लिहिते, आणि हे सगळ्यात आधी करा. बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं असतात. बहुतेकदा मागच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीवर, उघडी. ती आजच्या आज घरातून हलवा. भावाला सांगून शेजारच्या शेतावर कुलूपबंद ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या. वडिलांनी काही सूचित केलंय म्हणून हे सांगत नाही. ज्याच्या नावावर कर्ज आहे, ज्याचं शरीर एका बाजूनं लुळं पडलंय आणि ज्याचा मुलगा परगावी राबतोय, असा माणूस 'मी तुमच्यावर ओझं झालोय' हे मनात रोज म्हणत असतो. आणि वाईट क्षण येतो तो थोड्या वेळासाठी येतो. त्या वेळात हाताशी काही नसणं यानं जीव वाचतो. ते फार गप्प झाले, 'माझ्यानंतर असं करा' म्हणू लागले, घड्याळ, पेन, आवडीची वस्तू वाटून टाकू लागले, तर सरळ विचारा : "आप्पा, जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं माणूस खाली ठेवतो. 'हो' म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

लग्नाबद्दल. मुलीला सांगा. तिच्या वडिलांना सांगण्याआधी तिला सांगा, आकड्यासकट, आणि शक्य असेल तर ती वही दाखवून. मी पाहिलेल्या घरांमध्ये कर्ज आहे म्हणून मोडलेली लग्नं थोडी आहेत. लपवलं म्हणून सासर-माहेर कायमचं तुटलेली जास्त आहेत.

किती वर्षं? खरं सांगते. सावकाराचा गुंता सुटला, सोनं मोकळं झालं, सोसायटीचं नवं-जुनं झालं, भावाला काम मिळालं आणि बागेनं तीन वर्षांतून दोनदा तरी साथ दिली, तर पाच ते सात वर्षं. सावकाराचं काही न करता आत्तासारखंच चाललं, तर सात वर्षांनंतरही ते ४ लाख तिथंच असतील.

येत्या रविवारी गावी जाऊ शकलात तर जा. नवी वही घ्या, आई, भाऊ, वडील चौघं एकत्र बसा आणि सातही कर्जं वडिलांकडून वदवून घ्या. त्यांना सगळ्यांच्या तारखा पाठ असतील. शेवटी शांतपणे विचारा की अजून काही आहे का. मी बसले त्या बहुतेक घरांत एक आकडा या प्रश्नानंतर निघाला आहे. कुणाच्या ट्रॅक्टरला जामीन, खतवाल्याचे वीस हजार, एखाद्या मित्राचे तोंडी घेतलेले पन्नास. तो निघाला तर त्या रात्री वडिलांवर आवाज चढवू नका. आठवी ओळ म्हणून लिहा, वही मिटा आणि सगळे मिळून जेवायला बसा.